अंगकोर पाहावे ते पावसाळ्यात

अंगकोर पाहायला कंबोडियातल्या सिएम रीपला जायचे ठरले की प्रवासी कंपनीच्या पत्रकापासून ओळखीतल्या जाणत्या मंडळींपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच असतो : नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पावसाळा टाळा. सल्ल्यामागचा हेतू चांगलाच असतो. त्या महिन्यांत हवा कोरडी, उकाडा बेताचा आणि आकाश बहुधा निरभ्र असते. कपडे भिजत नाहीत, आखलेला कार्यक्रम कोलमडत नाही. पण या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. अंगकोर म्हणजे रानात विखुरलेली दगडी मंदिरे, आणि दगड काय, बाराही महिने सारखेच, असे ते गृहीतक आहे. वस्तुतः अंगकोर ही नवव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत ख्मेर साम्राज्याची राजधानी होती, लाखो लोकांचे नांदते शहर होते. ते शहर तगले ते पावसाचे पाणी अडवण्याच्या, साठवण्याच्या आणि हवे तिकडे वळवण्याच्या एका अवाढव्य व्यवस्थेवर. कोरड्या ऋतूत त्या व्यवस्थेचे दगड आणि मातीचे बांध तेवढे दिसतात. ती व्यवस्था कशासाठी होती आणि कशी चालत होती, हे मे ते ऑक्टोबर या महिन्यांत डोळ्यांना दिसते. म्हणून माझे म्हणणे असे, की ज्याला अंगकोर समजून घ्यायचे आहे त्याने पावसाळ्यात, त्यातही ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर या काळात तिथे जावे. स्वस्त हॉटेलांचा मोह हे त्याचे कारण नव्हे. त्या जागेला समजून घेण्याची योग्य वेळ तीच आहे.

आधी तिथल्या पावसाविषयी. पावसाळा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मुंबई-कोकणातली संततधार उभी राहते : आठवडाभर सूर्यदर्शन नाही, लोकल बंद, घाटात दरडी. सिएम रीपचा पाऊस या जातीचा नाही. मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. सिएम रीपला वर्षभराचा मिळून सुमारे १,४०० ते १,५०० मिलिमीटर होतो, आणि सप्टेंबरसारख्या भर पावसाच्या महिन्यातही तो अडीचशेच्या आसपास असतो. याचे कारण भूगोलात आहे आणि आपल्याला ते चांगलेच परिचयाचे आहे. कंबोडियाच्या नैर्ऋत्येला समुद्रालगत कार्डमम पर्वतरांग आहे. थायलंडच्या आखातावरून येणारे बाष्पाने भरलेले मोसमी वारे तिच्यावर अडतात आणि समुद्राकडच्या उतारांवर ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडतात. रांग ओलांडून आतल्या मैदानात उतरेपर्यंत त्यांचा बराच भार हलका झालेला असतो. सह्याद्रीमुळे कोकण आणि देश यांच्या पावसात जो फरक पडतो, त्याच प्रकारचा हा फरक आहे. म्हणजे सिएम रीपचा प्रवासी डोंगराच्या कोरड्या बाजूला असतो, आणि तरीही पावसाळ्याची कल्पना मात्र कोकणातली घेऊन जातो.

मैदानात पडणारा पाऊस बराचसा तिथल्या तिथेच तयार होतो. सकाळी ऊन पडते, ओली जमीन, पाण्याने भरलेली भातखाचरे आणि दक्षिणेकडचे टोन्ले साप हे विशाल सरोवर यांच्यावरची दमट हवा तापून वर चढू लागते, दुपारपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात आणि तीन-चारच्या सुमारास पाऊस कोसळतो. तास-दीड तास झोडपून तो सहसा ओसरतो. कधी तो रात्री येतो, कधी दोन-तीन दिवस फिरकतच नाही. हंगामाच्या मध्यावर, जुलैच्या आसपास, पाऊस अनेकदा उघडीप देतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात जोर धरतो. याला अपवादही आहेत. दक्षिण चीन समुद्रातली वादळे व्हिएतनाम ओलांडून आत आली की दोन-तीन दिवस सलग पाऊस लागतो, आणि त्या वेळी सगळे बेत गुंडाळून ठेवावे लागतात. पण नेहमीचा क्रम सकाळ मोकळी आणि दुपार ओली असाच आहे. तो आजचा नाही. चीनच्या युआन दरबाराच्या शिष्टमंडळाबरोबर आलेला झोऊ दागुआन ऑगस्ट १२९६ ते जुलै १२९७ अंगकोरमध्ये राहिला होता. अंगकोरच्या नांदत्या काळाचे डोळ्यांनी पाहून केलेले तेवढे एकच वर्णन आज उपलब्ध आहे. त्यातही तो हेच नोंदवतो : वर्षाचा अर्धा भाग रोज दुपारनंतर पाऊस, उरलेला अर्धा भाग थेंबही नाही. अंगकोरची सगळी कहाणी या दोन अर्ध्यांमधल्या विषमतेतून निघते. सहा महिने पाणी नको तितके आणि सहा महिने मुळीच नाही, अशा ठिकाणी लाखोंची राजधानी चालवायची तर पाण्याला कामाला लावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही योजना समजण्यासाठी शहराच्या ईशान्येला असलेल्या कुलेन डोंगरापासून सुरुवात करावी लागते. वालुकाश्माचे हे पठार जेमतेम पाचशे मीटर उंचीचे, पण अंगकोरला लागणारा दगड आणि पाणी, दोन्ही इथूनच आले. दुसऱ्या जयवर्म्याने इसवी सन ८०२ मध्ये स्वतःला चक्रवर्ती म्हणून अभिषेक करवून घेतला तो याच डोंगरावर. सिएम रीप नदी इथे उगम पावते, आणि तिच्या उगमाकडच्या प्रवाहात ख्मेर शिल्पकारांनी नदीच्या तळाचा खडकच कोरून काढला आहे. क्बाल स्पिआन या ठिकाणी दीडएक किलोमीटरची रानातली चढण चढून गेले की पात्रात ओळीने कोरलेली शेकडो शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू दिसतात. कल्पना अशी, की पाणी या लिंगांवरून वाहत जाईल, पवित्र होईल आणि मग खाली शहरात, शेतात उतरेल. मार्च-एप्रिलमध्ये तिथे गेलेल्या माणसाला कोरड्या खडकावरची नक्षी दिसते, झऱ्याला पाण्याची बारीक धार असली तर असते. सप्टेंबरमध्ये प्रवाह लिंगांच्या माथ्यावरून सरसरत जातो आणि विष्णूच्या मूर्तीवरून फेसाळतो. कधी पाणी इतके वाढते की काही शिल्पे पार झाकली जातात. तेही पाहण्यासारखेच आहे, कारण हे कोरीवकाम माणसांनी पाहावे म्हणून केलेले नव्हतेच. ते पाण्यासाठी केलेले होते.

कुलेनकडून टोन्ले साप सरोवराकडे जमीन इतकी हळू उतरत जाते की एका किलोमीटरला उतार जेमतेम एक मीटरचा पडतो. अशा सपाटीवर धरण बांधायला दरी नाही आणि खोल तलाव खणायचा तर पाणी उपसून शेतात चढवावे लागणार. ख्मेर अभियंत्यांनी वेगळा मार्ग काढला. जमिनीवर मातीचे उंच बांध घालून त्यांनी आयताकृती जलाशय उभे केले. त्यांना तिथे बराय म्हणतात. पाणी जमिनीच्या पातळीच्या वर साठत असल्याने ते बांधातून सोडले की आपसूक खाली वाहते. नवव्या शतकात पहिल्या इंद्रवर्म्याने बांधलेला इंद्रतटाक जवळजवळ चार किलोमीटर लांब होता. त्यानंतर यशोवर्म्याचा पूर्व बराय साडेसात किलोमीटर लांबीचा झाला आणि अकराव्या शतकातला पश्चिम बराय आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून अधिक रुंद. मातीकाम, टोपल्या आणि माणसांचे हात एवढ्याच साधनांवर हे झाले आहे. पूर्व बराय आज कोरडा आहे, त्याच्या तळात भातशेती होते. पश्चिम बराय मात्र हजार वर्षांनंतरही पाणी धरतो. उन्हाळ्याच्या शेवटी त्याचा बराचसा भाग उघडा पडतो, आणि पावसाळ्याच्या अखेरीस बांधावर उभे राहिले तर पलीकडचा काठ ओळखूही येत नाही इतके पाणी पसरलेले असते. या जलाशयांचा आकार नकाशावरच्या आकड्यांवरून कळत नाही, भरलेल्या पाण्यावरून कळतो.

इथे अभ्यासकांमधला एक जुना वाद सांगितला पाहिजे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेर्नार-फिलिप ग्रोलिए यांनी १९७९ मध्ये अंगकोरला जलाधिष्ठित नगर म्हटले आणि बराय सिंचनासाठी होते असे मांडले. पुढच्या काळात काहींनी हे नाकारले : पाणी बाहेर सोडण्याची दारे कुठे आहेत, त्या काळच्या लेखांत सिंचनाचा उल्लेख का नाही, बराय म्हणजे देवांच्या समुद्राची प्रतिकृती, धार्मिक वास्तू, एवढेच कशावरून नसेल, असे त्यांचे प्रश्न होते. प्रश्न रास्त होते. नंतर विमानातून आणि उपग्रहातून केलेल्या पाहणीने, आणि २०१२ पासून लेझर किरणांनी झाडीखालची जमीन मोजणाऱ्या लायडार तंत्राने, चित्र बरेच स्पष्ट केले. क्रिस्तोफ पोतिए, रोलंड फ्लेचर, डेमियन इव्हान्स यांच्यासारख्या संशोधकांनी कालवे, बांध, वळवलेल्या नद्या आणि पाणी आत घेण्या-सोडण्याच्या रचना यांचे सुमारे हजार चौरस किलोमीटरवर पसरलेले जाळे नकाशावर आणले. आज शहराच्या मधून वाहणारी सिएम रीप नदीसुद्धा बऱ्याच अंशी माणसाने वळवलेली आहे. बरायचे पाणी नेमक्या किती शेतीला मिळत होते यावर मतभेद होऊ शकतात. पूर सावरणे, टंचाईच्या वर्षी आधार देणे आणि देवाला समुद्र देणे ही तिन्ही कामे ही रचना एकाच वेळी करत होती, हे मानायला आता फारशी अडचण नाही. पावसाळ्यात जाणाऱ्याला या वादाचा निकाल लावता येणार नाही, पण वाद कशाबद्दल आहे ते पाण्याचा उतार आणि बांधांची उंची प्रत्यक्ष पाहून उमगते.

धर्म आणि पाणी यांची गुंफण मंदिरांच्या रचनेत कशी उतरली आहे, यासाठी दोन ठिकाणे पुरेशी आहेत. अंगकोर थोम या तटबंदीच्या नगराच्या दक्षिण दरवाजाकडे जाताना खंदकावरून जावे लागते. या वाटेच्या एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर नागाचे धूड हातांनी ओढत ओळीने बसले आहेत. समुद्रमंथनाचा प्रसंग आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो, तेव्हा ओळख लगेच पटते. पण मंथनाला समुद्र लागतो, आणि तो समुद्र म्हणजे खालचा खंदक. पाणी काठोकाठ असताना देव-असुरांची ती ओढाताण पाण्यात उलटी उमटते आणि शिल्प पूर्ण होते. पाणी आटले की दोन रांगांतल्या मूर्ती उरतात. दुसरे ठिकाण नेआक पेआन. सातव्या जयवर्म्याच्या जयतटाक या बरायच्या मध्यभागी असलेले हे छोटे मंदिर एका चौरस कुंडात आहे आणि त्याच्या चार बाजूंना आणखी चार कुंडे आहेत. मधले कुंड भरले की पाणी दगडी मुखांतून चारही दिशांना पडते. ही मुखे हत्ती, माणूस, सिंह आणि घोडा यांची आहेत. बौद्ध परंपरेतल्या अनवतप्त सरोवराची आणि त्यातून निघणाऱ्या चार नद्यांची ही मांडणी मानली जाते. बाजूची कुंडे कोरड्या दिवसांत रिकामी असतात आणि मंदिर एका खड्ड्यात उभे असल्यासारखे दिसते. पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या झाडांमधून लाकडी पुलावरून तिथपर्यंत चालत जाताना हे बेट आहे, आणि बेट असणे हाच त्याचा अर्थ आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पावसाचा मंदिरांशी आणखी एक संबंध आहे, तो जमिनीखालचा. इथली मंदिरे कातळावर उभी नाहीत. मैदान वाळूमिश्रित गाळाचे आहे. बांधणाऱ्यांनी वाळूचे थर घट्ट ठोकून पाया केला, त्यावर जांभ्याचे दगड रचले (कोकणातल्या घरांना वापरतात तोच जांभा) आणि बाहेरून कोरीव वालुकाश्म बसवला. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकात उभारलेल्या अंगकोर वाटचे मधले शिखर जमिनीपासून ६५ मीटर उंच आहे. एवढा भार वाळूवर टिकायचा तर ती वाळू सारखी ओली राहायला हवी. भूजलाची पातळी फार खाली गेली तर वाळूचे कण सुटे होऊन सरकण्याचा, पाया असमान खचण्याचा धोका असतो. मंदिराभोवतीचा सुमारे १९० मीटर रुंद खंदक म्हणूनच शोभेपुरता नाही. दर पावसाळ्यात तो भरतो आणि भोवतीच्या जमिनीत पाणी मुरवत राहतो. गेल्या तीस वर्षांत सिएम रीपमध्ये हॉटेले वाढली आणि त्यांनी विंधनविहिरींतून उपसलेल्या पाण्यामुळे या पातळीची चिंता तज्ज्ञांना लागून राहिली आहे. यातली विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. भूजल सर्वांत खाली जाते ते कोरड्या ऋतूत, आणि उपसा करणाऱ्या पर्यटकांची गर्दी सर्वांत जास्त असते तीही कोरड्या ऋतूतच. पावसाळ्यात जाणारा प्रवासी पाणी वापरतोच, पण जमीन भरत असताना वापरतो.

मंदिरांकडून दक्षिणेला वळले की टोन्ले साप सरोवर लागते, आणि तिथे पावसाळ्याचे खरे मोजमाप दिसते. हे सरोवर एका नदीने नॉम पेन्हजवळ मेकाँगला जोडलेले आहे. कोरड्या ऋतूत नदी सरोवरातून मेकाँगकडे वाहते. जून उजाडता उजाडता मेकाँगची पातळी इतकी चढते की तिचे पाणी त्या नदीत उलटे शिरते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत नदी सरोवराच्या दिशेने वाहत राहते. उन्हाळ्यात सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे आणि जेमतेम मीटरभर खोलीचे असलेले सरोवर चांगल्या पावसाच्या वर्षी पाच-सहा पट पसरते आणि आठ-नऊ मीटर खोल होते. काठची जंगले पाण्याखाली जातात, त्यांच्यात मासे अंडी घालतात, पिल्ले वाढतात. कंबोडियाच्या जेवणातल्या मासळीचा मोठा वाटा इथून येतो. अंगकोरच्या भिंतींवरल्या शिल्पांत नावांखाली, झाडांच्या बुंध्यांभोवती पोहणारे मासे कोरलेले दिसतात. ती कल्पनेची भरारी नाही, दर वर्षी दिसणारे दृश्य आहे. झोऊ दागुआननेही पाण्यात बुडून शेंडेच वर राहिलेली झाडे आणि पाण्याबरोबर उंच होत जाणारे भात नोंदवले आहे. काम्पाँग फ्लुकसारख्या गावात घरे सहा मीटर आणि त्याहूनही उंच खांबांवर असतात. मार्चमध्ये तिथे गेले तर धुळीच्या रस्त्यावर मान वर करून घरे पाहावी लागतात आणि इतक्या उंच शिड्यांचा खटाटोप कशासाठी, असे वाटते. ऑक्टोबरमध्ये होडी पायरीला लागते, मुले होडीतून शाळेत जातात, आणि खांबांची उंची किती नेमकी हिशेबाने ठरवली आहे ते समोर असते.

माणसांचे वर्षही या पाण्याला बांधलेले आहे. जुलै ते ऑक्टोबर हा बौद्ध भिक्षूंचा वर्षावास. या काळात ते एकाच विहारात राहतात. त्याच्या अखेरीकडे, भाद्रपदाच्या कृष्णपक्षात, म्हणजे आपल्याकडे पितृपंधरवडा चालू असतो तेव्हा, कंबोडियात प्चुम बेन साजरा होतो. पहाटे लोक पगोड्यात जाऊन पितरांसाठी भाताचे पिंड वाहतात. शेवटच्या दिवसांत बाजार बंद असतात आणि सगळा देश आपापल्या गावी जातो, हे प्रवाशाने ध्यानात ठेवावे; पण महाराष्ट्रातून जाणाऱ्याला यापेक्षा जवळचा वाटेल असा सण तिथे दुसरा नाही. पुढे कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास, नदीचा प्रवाह पुन्हा उलटतो त्या वेळी, बोन ओम तुकचा जलोत्सव आणि नौकांच्या शर्यती होतात. हे सगळे चक्र आज पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाही, हेही सांगायला हवे. मेकाँगच्या वरच्या भागातली धरणे आणि अवर्षण यांमुळे २०१९ मध्ये उलटा प्रवाह उशिरा आणि थोडाच काळ आला, आणि मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांना त्याची झळ पोहोचली. सरोवर भरते ही गोष्ट आता गृहीत धरता येत नाही.

असे घडण्याची ही पहिली वेळ नाही, आणि अंगकोरची सर्वांत मोठी शिकवण इथेच आहे. अंगकोर कसे उजाड झाले याचे शाळेतले उत्तर म्हणजे १४३१ मध्ये अयुथ्याया या थाई राज्याच्या सैन्याने केलेली लूट. दक्षिण व्हिएतनामच्या डोंगरांतल्या जुन्या झाडांच्या खोडांतली वर्तुळे मोजून संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्यात मोठी भर घातली. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून काही दशके, आणि पुन्हा पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, दीर्घ अवर्षणे पडली आणि त्यांच्या अधूनमधून अतिशय जोरदार पावसाची वर्षे आली. कोरड्या वर्षांशी जमवून घेण्यासाठी बदललेल्या कालव्यांत अचानक पूर शिरला; कुठे पात्र खरवडले गेले, कुठे गाळाने बुजले, आणि एका ठिकाणचा बिघाड जाळ्यातून दुसरीकडे पसरला. ज्या पाण्याने शहर उभे केले होते, त्याच पाण्याने त्याची घडी विस्कटली. या शिकवणीचा दुसरा भाग अलीकडचा आहे. २००९ ते २०११ या सलग तीन वर्षांत सिएम रीपला पुराने वेढले; २००९ मध्ये केत्साना वादळाच्या पावसाने कहर केला. त्यानंतर अंगकोरची देखभाल करणाऱ्या अप्सरा या सरकारी प्राधिकरणाने शेकडो वर्षे बुजलेले कालवे, अंगकोर थोमचा खंदक आणि जयतटाक साफ करून पुन्हा वापरात आणले, आणि शहरावरचा पुराचा भार हलका झाला. आज भरलेले जयतटाक पाहणारा माणूस स्मारक पाहत नसतो, तो चालू स्थितीतले काम पाहत असतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. मे २०२५ मध्ये अंगकोर वाटच्या आवारात वीज पडून तीन जणांचा मृत्यू झाला. कंबोडियात दर वर्षी विजेने माणसे दगावतात आणि उघड्या आवारातली उंच शिखरे हा नसता धोका आहे. त्याचे उत्तर स्पष्ट आहे : उंच मंदिरे सकाळी चढावीत, ढग गडगडू लागताच खाली उतरून आवार सोडावे, झाडाखाली थांबू नये. ओला वालुकाश्म शेवाळाने कमालीचा निसरडा होतो, तेव्हा पकड असलेले बूट हवेत, आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी उभ्या जिन्यांचा हट्ट सोडावा. डेंग्यूचा जोर पावसाळ्यातच असतो, म्हणून अंगभर कपडे आणि डास पळवणारे मलम यांत कसूर नको. मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकण्याचा नियमही त्याने पाळला जातो. दूरच्या मंदिरांकडे जाताना मळलेली वाट सोडू नये, कारण देशाच्या काही भागांत युद्धकाळातले भूसुरुंग अजूनही आहेत. ही काळजी घेणे ज्यांना शक्य नाही, लहान मुले किंवा वृद्ध बरोबर आहेत आणि हाती दोनच दिवस आहेत, त्यांनी जानेवारीत जावे. माझा युक्तिवाद त्यांच्यासाठी नाही.

दुसरा आक्षेप असा की जे पाहायला लोक जातात तेच पावसाळ्यात दिसत नाही. अंगकोर वाटच्या शिखरांमागून होणारा सूर्योदय ढगांमुळे अनेकदा हुकतो, हे खरे आहे. प्रेक तोआलच्या पक्षी अभयारण्यात पाणपक्ष्यांची वसाहत पाहायची तर डिसेंबर ते मार्च हेच महिने योग्य, हेही खरे आहे. पण दुसऱ्या पारड्यात काय पडते तेही मोजावे. जानेवारीत अंगकोर वाटपुढच्या तळ्याच्या काठी पहाटे दाटी होते, सप्टेंबरात तिथे निवांत उभे राहता येते. कोरड्या ऋतूच्या अखेरीस शेते जाळल्याच्या धुराने आकाश मळकट असते. पावसाने धुतलेल्या हवेत शिल्पांच्या रेषा स्वच्छ उठतात. ता प्रोम मंदिराच्या भिंतींवर मुळे पसरून बसलेली टेट्रामेलिस जातीची प्रचंड झाडे, जी आपल्या पश्चिम घाटातही आढळतात, कोरड्या दिवसांत पाने गाळतात. पावसाळ्यात त्यांचा पर्णसंभार पुरा असतो. या मंदिराच्या जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते कंबोडियाच्या बरोबरीने करत आले आहे, आणि झाड काढावे की दगड वाचवावा हा त्या कामातला पेच हिरव्या गर्दीत अधिक नीट कळतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. पाण्यात उभ्या गावांकडे होडीतून कुतूहलाने पाहणे म्हणजे गरिबांच्या अडचणीचे प्रदर्शन मांडणे नव्हे काय? वादळी पुरात पिके गेलेल्या वर्षी तसे पाहणे निर्लज्जपणाचेच ठरेल. पण दर वर्षीची चढ आणि पूर या वेगळ्या गोष्टी आहेत. सरोवराचे वाढणे ही काठच्या लोकांची आपत्ती नसून उपजीविका आहे; ते वाढले नाही तर आपत्ती येते, हे २०१९ ने दाखवले. शिवाय पर्यटनावर चालणाऱ्या गावात टुकटुकवाले, वाटाडे, खाणावळी यांची चूल बाराही महिने पेटावी लागते, आणि चार महिन्यांची गर्दी त्यांना उरलेले आठ महिने पुरत नाही. गावातलीच होडी घ्यावी, घरांत डोकावू नये, मुलांना पैसे वाटू नयेत, एवढे भान ठेवले तर पावसाळ्यातला पाहुणा तिथे भार होत नाही.

कार्यक्रम आखताना पावसाच्या घड्याळाप्रमाणे आखला की बहुतेक अडचणी सुटतात. तीन दिवसांचे तिकीट दहा दिवसांत केव्हाही वापरता येते, सात दिवसांचे महिनाभरात. म्हणजे पाऊस लागलेला दिवस वाया जात नाही, पुढे ढकलता येतो. पहाटे ते दुपारी एकपर्यंत मंदिरे, मग जेवण आणि विश्रांती, पाऊस ओसरल्यावर संध्याकाळी एखादी जवळची जागा, असा क्रम ठेवावा. भर दुपारी अडकलेच तर अंगकोर वाटच्या लांब दालनांत थांबावे. समुद्रमंथनाचा जवळजवळ पन्नास मीटर लांबीचा शिल्पपट तिथेच आहे आणि तो घाईने पाहण्यासारखा नाही. क्बाल स्पिआन आणि कुलेनला एक पूर्ण सकाळ द्यावी, पश्चिम बराय आणि नेआक पेआनला अर्धा-अर्धा दिवस, काम्पाँग फ्लुकला एक. या क्रमाने फिरले तर डोंगरावरचे पाणी, ते अडवणारे बांध, ते मिरवणारी मंदिरे आणि ते शेवटी स्वीकारणारे सरोवर अशी सगळी वाट उतारासह ओळीने पाहिली जाते. हवामान बदलत असताना, कधी कोरडी आणि कधी अतिवृष्टीची वर्षे पाठोपाठ येत असताना, आपल्या शहरांपुढेही हाच प्रश्न उभा आहे : सहा महिन्यांचे पाणी बारा महिने कसे पुरवायचे आणि एका दिवसाचा लोंढा कसा जिरवायचा. या प्रश्नाचे मानवाने दिलेले एक अतिभव्य उत्तर, त्याचे यश आणि त्याचे अपयश, दोन्ही अंगकोरला जमिनीवर उमटलेले आहे. ते वाचायचे असेल तर त्यात पाणी असतानाच गेले पाहिजे.